हवामान काय, नेहमीच बदलतं!

मंडळी, आमच्या नात्यागोत्यात आणि मित्रमंडळीत एक वाक्य हल्ली फार फिरतंय. एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला, ऐन दिवाळीत पाऊस कोसळला, आंब्याचा मोहोर गळून गेला, की कुणीतरी काळजीने बोलतं. आणि लगेच दुसरं कुणीतरी चहाचा कप खाली ठेवत म्हणतं, "अहो, हवामान काय, नेहमीच बदलतं! पृथ्वीवर आजवर काय काय होऊन गेलंय. काही होत नाही!"

असं म्हणणारी माणसं अडाणी नसतात हं. बरीचशी शिकलेली, चार पुस्तकं वाचणारी असतात. आणि गंमत म्हणजे त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग शंभर टक्के खरा आहे. म्हणूनच उत्तर देणाऱ्याची पंचाईत होते. 'खोटं' म्हणता येत नाही, आणि 'खरं' म्हटलं की पाठोपाठ 'काही होत नाही' हेही गुपचूप पदरात पडतं!

मी काही भूशास्त्राची विद्यार्थिनी नाही. पण जुन्या प्राण्यांबद्दल वाचायचं वेड आहे. तेव्हा म्हटलं, या वाक्याला त्याच्याच अंगणात गाठू या. पृथ्वीच्या इतिहासातला एक खराखुरा, भला मोठा हवामानबदल घेऊ आणि तेव्हा कुणाचं काय झालं ते नीट पाहू. डायनोसॉरची गोष्ट नको. तिथे आभाळातून धोंडा पडला, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. मला हवा होता असा काळ, जिथे धोंड्याकडे बोट दाखवता येत नाही, मुख्य पात्र हवामानच आहे. असा काळ म्हणजे ऑलिगोसीन.

हे नाव दिलं हाइनरिख अर्न्स्ट बायरिख या जर्मन शास्त्रज्ञाने, १८५४ साली. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ साधारण 'थोडके नवे' असा होतो. या काळातल्या थरांमध्ये आजच्या ओळखीचे शंखशिंपले थोडेच सापडतात, म्हणून. काळ म्हणाल तर ३ कोटी ३९ लाख वर्षांपूर्वीपासून २ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीपर्यंत. म्हणजे डायनोसॉर जाऊन निम्मा काळ लोटलेला, आणि माणूस यायला अजून फार फार अवकाश.

त्याच्या आधीचा इओसीन काळ उबदार होता. त्याच्या भराच्या दिवसांत उत्तर ध्रुवाजवळही मगरी होत्या, आणि अंटार्क्टिकावर जंगलं होती. मग पृथ्वी हळूहळू निवत गेली. हवेतला कार्बन डायऑक्साइड उतरत गेला, आणि इओसीन संपून ऑलिगोसीन सुरू होताना तो एका विशिष्ट पातळीच्या खाली गेला. संगणकावरच्या गणितांनुसार ही पातळी दर दहा लाख भागांत ७५० भागांच्या आसपास येते. अंटार्क्टिकाही बाकीच्या खंडांपासून सुटून एकटा पडत चालला होता. तिथे बर्फ साठायला लागला, आणि बघता बघता (म्हणजे भूशास्त्राच्या भाषेत बघता बघता!) खंडाच्या मोठ्या भागावर बर्फाचा जाड थर बसला. एवढं पाणी बर्फात अडकल्यावर समुद्राची पातळी उतरणारच. ती ५० ते ७० मीटरच्या घरात उतरली, असा अंदाज आहे.

आता या काळातले आपले प्राणी पाहू. आणि आधी तोच दाखला घेते, जो 'काही होत नाही' म्हणणाऱ्यांच्या बाजूचा आहे. उगाच कुणी म्हणायला नको, की हिने सोयीचं तेवढं उचललं. :)

अमेरिकेत साऊथ डकोटा आणि नेब्रास्का या राज्यांत बॅडलँड्स नावाचा उजाड, चिरा पडलेल्या टेकड्यांचा मुलूख आहे. तिथे या काळातल्या सस्तन प्राण्यांची हाडं आणि दात खच्चून भरलेत. मेंढीएवढे ओरिओडाँट, कुत्र्याएवढा तीन बोटांचा घोडा मेसोहिप्पस, लहान गेंडे, तलवारदाती मांजरांसारखे दिसणारे शिकारी. २००७ साली अलेस्सांद्रो झनाझ्झी आणि सहकाऱ्यांनी या दात-हाडांवरून तिथलं जुनं तापमान काढलं. त्यांची रीत मला फार आवडली. ऑक्सिजन निसर्गात हलका आणि जड अशा दोन्ही प्रकारचा मिळतो. प्राणी जे पाणी पितो, त्यातला ऑक्सिजन त्याच्या दातात बसतो. दाताचं कवच घट्ट, ते कोट्यवधी वर्षं फारसं बदलत नाही, आणि सस्तन प्राण्याच्या अंगातली ऊबही ठरलेली. हाडाचं उलटं. हाड सच्छिद्र. प्राणी मेला, गाडला गेला, की जमिनीतल्या पाण्यातला ऑक्सिजन त्यात शिरतो, आणि त्यातला जड किती नि हलका किती, हे त्या जमिनीच्या तापमानावर ठरतं. म्हणजे दात सांगतो पाणी कसं होतं, आणि हाड सांगतं जमीन किती गरम होती. दोघांची साक्ष एकमेकांशी ताडून पाहायची. बस्स.

उत्तर काय आलं? सुमारे ४ लाख वर्षांत तिथलं वर्षाचं सरासरी तापमान ८.२ अंशांनी उतरलं. तीनेक अंश इकडेतिकडे धरले तरी घसरण दांडगीच. जंगल विरळ झालं, जमीन कोरडी झाली. मगरी दिसेनाशा झाल्या, पाण्यातल्या कासवांची जागा जमिनीवरच्या कासवांनी घेतली, मोठ्या गोगलगायी जाऊन कोरड्यात तग धरणाऱ्या लहान गोगलगायी आल्या.

आणि सस्तन प्राणी? ब्राँटोथेरियम नावाचे अवाढव्य, नाकावर दुहेरी शिंगवजा हाड असलेले प्राणी या बदलाच्या उंबरठ्यावरच संपले होते. पण बाकीचे बहुतेक जसेच्या तसे राहिले! डोनाल्ड प्रोथेरो या जीवाश्मतज्ज्ञाने हे वारंवार मांडलंय, की एवढ्या मोठ्या थंडीच्या लाटेतून तिथले बहुतेक सस्तन प्राणी फारसे न बदलता पार झाले.

घ्या! म्हणजे ते वाक्य खरंच ठरलं की. हवामान बदललं आणि घोड्याला काही झालं नाही.

थांबा, जरा एक भागाकार करू. ८.२ अंश, ४ लाख वर्षं. म्हणजे एक अंश उतरायला सुमारे ५०,००० वर्षं. त्या लहानशा घोड्याची एक पिढी पाच वर्षांची धरली, तर एका अंशाला त्याच्या १०,००० पिढ्या. पणजोबाच्या पणजोबालाही पत्ता लागणार नाही, की हवा बदलतेय. आपल्याकडे गेल्या दीडशे वर्षांत पृथ्वीचं सरासरी तापमान एका अंशाहून जास्त वाढलंय, आणि २०२४ हे औद्योगिक युगाआधीच्या मानाने दीड अंशाचा आकडा ओलांडणारं पहिलं वर्ष ठरलं. त्याच घोड्याच्या हिशेबात या दीडशे वर्षांत पिढ्या बसतात ३०.

कुणी म्हणेल, एक आकडा एका प्रदेशाचा आणि दुसरा पूर्ण पृथ्वीचा, शिवाय खडकांतली सरासरी म्हणजे काही तापमापीवरची नोंद नव्हे, मधे झटकेही आले असतील. अगदी बरोबर. पण १०,००० आणि ३० यांच्यात जी दरी आहे, ती असल्या चूकभुलीने बुजण्यातली नाही. घोडा टिकला, कारण त्याला वेळ मिळाला. त्या 'काही होत नाही'च्या पोटात हा वेळ लपलेला आहे, आणि तो कुणी मोजत नाही.

आता युरोपात जाऊ. तिथे तीच थंडी आली, पण गोष्ट निराळी झाली.

इओसीनमधला युरोप हा बेटाबेटांचा मुलूख होता. आशियापासून त्याला तुर्गाई नावाचा समुद्र तोडत होता. अशा एकांतात तिथे आपल्याच घरचे प्राणी वाढले होते. पॅरिसमध्ये मोंमार्त्रच्या जिप्समच्या खाणींतून निघालेली हाडं जुळवून जॉर्ज क्युव्हिएने १८०४ च्या सुमाराला त्यांतल्या दोघांना नावं दिली, पॅलिओथेरियम आणि अनॉप्लोथेरियम. एक घोड्याचा लांबचा नातलग, दुसऱ्याला आजच्या कुणासारखा म्हणावं हेच कळत नाही.

पुढे समुद्र उतरला, तुर्गाईची सामुद्रधुनी कोरडी पडली, आणि आशियातून पाहुणे आले. खरे गेंडे, रानडुकरासारखे दिसणारे प्रचंड एंटेलोडाँट, पाणघोड्याच्या आप्तांतले अँथ्राकोथेरियम, हॅमस्टर, बीव्हर. एकीकडे हवा बदललेली, दुसरीकडे दाराशी नवे वाटेकरी. जुन्या घरच्यांपैकी कितीतरी जण संपले. पॅलिओथेरियम गेलं, अनॉप्लोथेरियम गेलं. बाझेलच्या संग्रहालयातले हान्स जॉर्ज श्टेहलिन यांना १९०९ च्या सुमारास थरांत ही फट इतकी ठळक दिसली, की त्यांनी तिला फ्रेंचमध्ये 'ग्रांद कुप्यूर' म्हटलं, म्हणजे 'मोठा छेद'. खालच्या थरात एक जग, वरच्या थरात दुसरंच.

आता हे पाहा. 'युरोपात सस्तन प्राणी टिकले का?' असं विचारलं, तर उत्तर 'हो' असंच येणार. वरच्या थरातही प्राणी आहेतच की, भरपूर आहेत. पण जे खालच्या थरात होते, ते कुठेत? हिशेबाच्या वहीत एकूण बेरीज तीच दिसते, म्हणून नावं बदललेली ध्यानात येत नाहीत. एखाद्या गल्लीतली जुनी बिऱ्हाडं उठली आणि नवी आली, तर लांबून पाहणारा म्हणणार, 'गल्ली नांदतेय छान'. उठलेल्या बिऱ्हाडांना विचारा!

आफ्रिकेची गोष्ट तर आपल्या घरचीच आहे. कैरोच्या नैर्ऋत्येला फायूम नावाचं ठिकाण आहे. एल्विन सायमन्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने आयुष्याचा मोठा भाग तिथे वाळवंटात घालवला आणि १९६५ साली इजिप्तोपिथेकस या आद्य वानराला नाव दिलं. पुष्कळ काळ असं मानलं जायचं, की विषुववृत्ताजवळची आफ्रिका या थंडीतून सुखरूप सुटली. पण २०२१ साली डोरियन दे व्ह्रिस आणि सहकाऱ्यांनी आफ्रिका-अरबस्तानातल्या जीवाश्मांचा ताळेबंद मांडला, आणि चित्र पालटलं. त्यांनी पाच गट घेतले: हायनोडाँट हे शिकारी, कृंतकांचे दोन गट, लेमूर-लोरिसचे आप्त, आणि वानरांचा आपला गट. सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत या गटांतल्या ६३ टक्के जाती नाहीशा झाल्या होत्या. जवळजवळ दोन तृतीयांश! थंडीच्या जोडीला इथिओपियातल्या ज्वालामुखींनीही तेव्हा उच्छाद मांडला होता.

आपल्या पूर्वजांच्या गटाचं त्यात काय झालं? दातांच्या आकारावरून प्राणी काय खात असेल ते कळतं. आधी वानरांच्या दातांत नाना तऱ्हा होत्या. या धक्क्यानंतर त्या इतक्या आकसल्या, की जेमतेम एक तऱ्हा उरली. पुढे काही दशलक्ष वर्षांनी विविधता परत आली, पण ती त्या उरलेल्यांतून. आपण सगळे, तुम्ही, मी, 'काही होत नाही' म्हणणारे आणि त्यांच्याशी हुज्जत घालणारे, त्या अरुंद बोळातून निसटलेल्यांची लेकरं आहोत. निसटलेल्याच्या वंशजाला वाटतं की बोळ रुंदच होता. जे अडकले त्यांचे वंशज मत द्यायला नाहीतच!

म्हणजे नुसता वेळ मिळून भागत नाही. आणखी काहीतरी लागतं. ते काय, हे मला कळलं बलुचिस्तानातल्या एका प्राण्यापाशी.

हा प्राणी म्हणजे पॅरासेराथेरियम. जुन्या पुस्तकांतून याच कुळाचं 'बलुचिथेरियम' हे नाव वाचलं असेल. गेंड्याचा नातलग, पण शिंग नाही. मान लांब, पाय खांबासारखे, खांद्याशी उंची ४.८ मीटरच्या आसपास आणि वजन १५ ते २० टन. म्हणजे चार-पाच हत्ती एका कातड्यात! जमिनीवर चाललेल्या सर्वात मोठ्या सस्तन प्राण्यांत याची गणना होते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले गाय पिल्ग्रिम यांनी डेरा बुगटीच्या टेकड्यांमधल्या याच्या अवशेषांचं १९०८ मध्ये वर्णन केलं. नंतर केंब्रिजचे क्लाइव्ह फॉर्स्टर कूपर तिथे गेले आणि १९११ मध्ये त्यांनी पॅरासेराथेरियम हे नाव दिलं. १९२२ मध्ये रॉय चॅपमन अँड्रूज यांच्या मोहिमेला मंगोलियात अशाच प्राण्याची कवटी मिळाली, आणि हे नाव जगभर झालं.

मंगोलियाच्या थरांत आणखी एक गोष्ट दिसते. इओसीनमध्ये तिथे मोठमोठे खूरवाले प्राणी जास्त होते. ऑलिगोसीन आला, जंगल हटून मुलूख उघडा झाला, आणि उंदीर, ससे यांच्या नातलगांचा सुकाळ झाला. अशा मुलखात हा अवाढव्य पालाखाऊ प्राणी कसा काय राहिला? एक उत्तर असं, की तो चालत राहिला.

चीनच्या गान्सू प्रांतात लिंशिया नावाचं खोरं आहे. तिथे सापडलेल्या या प्राण्याच्या एका नव्या जातीचं वर्णन २०२१ मध्ये देंग ताओ आणि सहकाऱ्यांनी केलं. अवशेष सुमारे २ कोटी ६५ लाख वर्षांपूर्वीचे. तिची नाती जुळवून पाहिल्यावर त्यांनी असं मांडलं, की हे प्राणी आधी मंगोलियाकडून कझाकस्तानमार्गे पाकिस्तानपर्यंत पसरले, आणि पुढे तिबेटच्या भागातून परत उत्तरेला गेले. तिबेटमधून? होय. कारण तेव्हा तिबेट आजच्यासारखं सगळंच्या सगळं उंच पठार झालेलं नव्हतं. मधून जायला सखल वाटा होत्या. आज त्या पठाराची सरासरी उंची ४,५०० मीटरच्या आसपास आहे.

वीस टनांचं जनावर जागेवर बसून राहिलं तर उपाशी मरणार. पाऊस हटला, झाडं हटली, की त्यालाही हटायला हवं. त्याला ते जमलं, कारण बलुचिस्तान ते गान्सू मधे कुणी कुंपण घातलेलं नव्हतं. ऑलिगोसीन संपल्यानंतर हे कूळही गेलं. हवामान, आफ्रिकेतून आलेले हत्तींचे पूर्वज, अशी अनेक कारणं शास्त्रज्ञ मांडतात. पण तोवर कोटभर वर्षं त्यांनी आशिया पायी तुडवला.

पक्ष्यांची कथाही हेच सांगते, जरा वेगळ्या सुरात. आपल्याकडे बागेत शिंजीर दिसला की पुष्कळ जण 'हमिंगबर्ड, हमिंगबर्ड' म्हणून बोट दाखवतात. शिंजीर वेगळा आणि हमिंगबर्ड वेगळा. खरे हमिंगबर्ड आज फक्त अमेरिका खंडांत मिळतात, साडेतीनशेहून जास्त जाती, एकही बाहेर नाही. पण २००४ साली गेराल्ड मायर यांनी जर्मनीत हायडेलबर्गजवळच्या फ्राउएनवायलर इथल्या मातीच्या खाणीतून मिळालेल्या चिमुकल्या सांगाड्यांचं वर्णन केलं. लांब चोच, हवेत जागच्या जागी तरंगायला लागणारी पंखांची हाडं... खरा हमिंगबर्ड, तोही ३ कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचा! नाव ठेवलं युरोट्रॉकिलस, आणि जातीचं नाव 'इनएक्स्पेक्टाटस', म्हणजे 'अनपेक्षित'. युरोपातून हे कूळ पार पुसलं गेलं. आज ते जगात आहे ते केवळ दुसऱ्या खंडात त्याचं बिऱ्हाड थाटलेलं होतं म्हणून.

थंडीने काहींचं भलंही केलं, हे सांगायलाच हवं. दक्षिणेचा समुद्र गार आणि माशांनी समृद्ध झाला. न्यूझीलंडमध्ये १.३ मीटर उंचीचे कैरुकू पेंग्विन झाले. देवमाशांत गाळणीच्या तोंडाचे आणि आवाजाच्या प्रतिध्वनीवर शिकार करणारे, असे दोन्ही आजचे वंश याच काळात आकाराला आले. अमेरिकेत चार्ल्स्टनच्या विमानतळाचं काम चालू असताना १९८३ मध्ये एका पक्ष्याची हाडं निघाली, आणि २०१४ मध्ये डॅनियल क्सेप्का यांनी त्याचं वर्णन केलं. पेलागॉर्निस सँडर्सी. पंखांचा पसारा ६ ते ७ मीटर! आजच्या सर्वात मोठ्या अल्बाट्रॉसच्या जवळजवळ दुप्पट. विमानतळाखाली असा पक्षी सापडावा, याला योगायोग तरी किती म्हणावं. :)

तेव्हा हवामानबदल म्हणजे निव्वळ संहार, असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच, की ऑलिगोसीनमध्ये जे तरले, त्यांच्या गाठीला बहुधा दोन गोष्टी होत्या: वेळ आणि वाट. ज्यांना यातलं एक मिळालं नाही, ते पॅरिसच्या जिप्सममध्ये आहेत. आणि आज आपण बाकीच्या सगळ्या जिवांकडून या दोन्ही गोष्टी एकदम काढून घेतोय. वेळ काढून घेतोय धुराड्यांनी आणि वाट काढून घेतोय कुंपणांनी, रस्त्यांनी, धरणांनी, शहरांनी.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, 'तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइड ७५० होता म्हणता, आज तर ४२५ च्या आसपासच आहे. मग घाबरायचं कशाला?' अहो, ७५० ला जे जीव होते, ते ७५० ला सरावलेले होते. आजचे जीव, आजची शेती, आजची बंदरं सगळं २८० च्या हवेत उभं राहिलेलं आहे. १९५८ मध्ये हवाई बेटांवर मौना लोआला मोजणी सुरू झाली, तेव्हा आकडा ३१५ होता. एका माणसाच्या आयुष्यात तो शंभराहून जास्त चढला.

दुसरा आक्षेप, 'तेव्हा तर गार झालं, आता गरम होतंय. उलटी गोष्ट.' उलटी आहे, आणि म्हणूनच तिच्याकडे बघायचं. त्या काळात साठायला लागलेला अंटार्क्टिकाचा बर्फ आजही तिथे आहे. तो सगळा वितळला तर समुद्र सुमारे ५८ मीटर चढेल, एवढं पाणी त्यात आहे. सगळा काही उद्या वितळणार नाही. पण मुंबईचा आणि कोकणाचा किनारा आज जिथे आहे तिथे आहे, यात त्या बर्फाचाही हात आहे. आपण ज्याला 'नेहमीचं' म्हणतो, ते ऑलिगोसीनने बांधून दिलेलं घर आहे.

आपल्या महाराष्ट्राच्या काळ्या कातळात ऑलिगोसीनचे प्राणी शोधायला जाऊ नका. तो कातळ त्याच्या कितीतरी आधीचा, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. पण सह्याद्रीचं आणि ऑलिगोसीनचं एक नातं मात्र आहे. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या शास्त्रज्ञांना आसामातल्या माकूमच्या कोळसाखाणींत जीवाश्म झालेली पानं मिळाली, ऑलिगोसीनच्या अखेरीची, सुमारे २ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीची. ती जुळली नोथोपेजिया या झाडांच्या पानांशी. ही आंब्या-काजूच्या कुळातली झाडं. आज ती आसामात नाहीत, पण आपल्या पश्चिम घाटात आहेत. हिमालय उठत गेला, ईशान्येचं हवामान पालटलं, तिथून हे झाड हरवलं. इकडे घाटात मात्र त्याला आसरा मिळाला. प्राणी चालत जातो, पक्षी उडत जातो, झाड बियांच्या पायांनी जातं, इतकंच.

म्हणजे सह्याद्री हा नुसता पावसाळी सहलीचा डोंगर नाही, ते आसऱ्याचं ठिकाण आहे. पण आता इथून पुढे कुठे? पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कोरडं पठार. गारव्यासाठी वर सरकायचं म्हटलं तर महाराष्ट्रात कळसूबाईच्या १,६४६ मीटरनंतर वर फक्त आभाळ. उत्तर-दक्षिण तेवढी वाट उरते, आणि तिच्यावर आपण खाणी, बंगल्यांचे प्रकल्प आणि रस्ते मांडतोय. माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये सांगून ठेवलं, कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये त्याहून सौम्य शब्दांत सांगितलं. त्यावर संवेदनशील क्षेत्राचा मसुदा २०१४ पासून २०२४ पर्यंत सहा वेळा निघाला. ऑलिगोसीनच्या वेगाने चाललंय ते हे एवढं एकच काम!

सगळंच निराशेचं नाही. नागपूरहून सिवनीकडे जाताना राष्ट्रीय महामार्ग ४४ वर पेंचच्या जंगलात रस्ता उचलून घेतलाय आणि खालून जनावरांसाठी वाटा ठेवल्यात. बऱ्याच वादावादीनंतर हे झालं. पण झालं. तिथल्या कॅमेऱ्यांत खालून जाणारे वाघ, रानकुत्रे, हरणं टिपली गेलीत. वरून ट्रक, खालून वाघ. वेळ परत देणं कठीण आहे, त्याला सगळ्या जगाने धुराडी आवरायला हवीत. वाट देणं मात्र आपल्या तालुक्यात, आपल्या जिल्ह्यातही जमतं. जिथे रस्ता होतोय तिथे खालून वाट मागता येते. जिथे देवराई उरलीय तिथे ती राखता येते. दोन जंगलांमधला पट्टा बिगरशेती व्हायला निघाला, तर ग्रामसभेत हरकत नोंदवता येते.

म्हणून मंडळी, यापुढे कुणी 'हवामान काय, नेहमीच बदलतं' म्हणालं, तर भांडू नका. मान डोलवून 'खरंय' म्हणा. आणि मग दोनच प्रश्न विचारा. किती वर्षांत बदललं होतं? आणि ज्यांना जायचं होतं, त्यांना वाट मोकळी होती का?

तुम्हाला काय वाटतं ते जरूर लिहा. नातेवाइकांनीही लिहावं, लाजू नये. :) आणि तुमच्या भागात जनावरांची एखादी जुनी वाट ठाऊक असेल, ओढ्याकाठची, खिंडीतली, दोन रानांमधली, तर तीही सांगा. आधी त्या वाटांची एक यादी तरी करू.